वीस चिमण्यांची हजेरी

“इंदू गं, आल्या बघ!”

एकतीस वर्षं झाली, पण हा आवाज इंदूच्या कानातून काही उतरला नाही. लग्न होऊन ती ब्राह्मणपारा मोहल्ल्यात मोहरीलांच्या घरी आली, तेव्हा पहिल्या सकाळी तिला जाग आली ती याच हाकेने. परसातल्या बाडीत सासूबाई, म्हणजे माई, सुपात कणी घेऊन उभ्या होत्या आणि गात होत्या:

चिमणाबाई माझी गं, कुणाच्या वळचणी,
वाटीत ठेवली मी, तुझ्या वाट्याची कणी!

आणि चिमण्या अशा उतरत होत्या, की वाटावं, कुणी वरून मूठ-मूठ तीळ उधळून राहिलं आहे!

पुढे घरं उंच झाली. वळचणी गेल्या. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडची काळी धूळ रोज तुळशीच्या पानांवर येऊन बसू लागली, आणि चिमण्या नेमक्या कोणत्या दिवशी यायच्या थांबल्या, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मग माईंचे डोळे गेले. मागच्या दाराशी खाट टाकून त्या पडून राहत आणि सकाळी विचारत. हाक तीच, शेवटचा शब्द तेवढा बदलला.

“इंदू गं, आल्या का?”

पहिल्या दिवशी इंदूने बाडीत पाहिलं. जांभळाचं झाड, वाळत टाकलेला टॉवेल, आणि एक सरडा. बस!

“आल्या ना माई,” ती म्हणाली. “चार.”

माई हसल्या. ते हसू असं होतं, की दुसऱ्या दिवशी इंदूने सहा सांगितल्या. तिसऱ्या दिवशी त्यातली एक लंगडी निघाली. मग लंगडीच्या चोचीत काडी आली, काडी आली म्हणून घरटं आलं, घरटं आलं म्हणून तिच्यासाठी एक स्थळही आलं! तीन वर्षं इंदूने हा संसार वाढवत नेला. माई गेल्या त्या दिवशी आकडा वीसवर होता.

हे फक्त इंदूला माहीत. नवरा अच्युत रोज सकाळी न्हाणीतून हा आकडा ऐकत असे आणि समाधानाने डोक्यावर पाणी ओतत असे.

तो यंदा जूनमध्ये सिंचाई विभागातून रिटायर झाला. दुसऱ्याच दिवशी चहाच्या कपाला साक्षी ठेवून त्याने जाहीर केलं, “इंदू, लिहून ठेव! दसऱ्यापर्यंत माईच्या वीसच्या वीस चिमण्या या बाडीत परत आणून दाखवतो. नाही तर माझं नाव बदलून टाकजो!”

इंदूच्या हातून चहाची गाळणी पडली.

“माई गेली अन् तिच्या मागं चिमण्याही गेल्या,” तो म्हणाला. “आपलंच काही तरी चुकलं, इंदू.”

त्याचे डोळे भरून आले होते. आता सांगा, अशा माणसाला खरं कसं सांगायचं?

मग काय! पहिल्या आठवड्यात बाजरी आली, मग राळं, मग कणी. पाण्याला मातीची परळं आली. गोल बाजारातून धानाच्या लोंब्यांची झालर आली आणि दाराला तोरणासारखी लटकली. मुलगी गंधालीच्या बुटांच्या खोक्यांना भोकं पाडून तीन घरटी तयार झाली.

“पापा, ये टू बीएचके है क्या?” गंधालीने विचारलं. तिला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच निघतं.

“चूप! बोहणीच्या वेळी हसू नको.”

बोहणी झाली ती कावळ्याची. अच्युत पायरीवर बसून गाठिया खात खात माईंची ओवी म्हणत होता. त्याचा आवाज म्हणजे गंजलेल्या पंपाने सूर धरावा तसा! ‘चिमणाबाई माझी गं’ म्हणताक्षणी एक काळाकभिन्न कावळा समोर उतरला, त्याने बाजरीकडे ढुंकून पाहिलं नाही आणि अच्युतच्या बशीतला गाठिया उचलला.

“येऊ दे,” अच्युत म्हणाला. “पाहुणा आहे. चिमण्यांना निरोप देईल.”

निरोप त्याने दिला, पण आपल्या भाऊबंदांना! दुसऱ्या दिवशी आठ आले, आठवड्याने तीस. जुलै संपेस्तोवर सगळ्या पाऱ्यातले कावळे मोहरीलांच्या बाडीत राहायला आले होते. सकाळी अच्युतने ‘चिमणाबाई’ म्हटलं की भिंतीवर काळी रांग लागायची. चिमणी मात्र एक नाही! अच्युत रोज वहीत तारीख लिहायचा, पुढे शून्य घालायचा आणि आत यायचा. ते शून्य पाहिलं की इंदूला कणीक मळताना मीठ घातलं की नाही, तेच आठवत नसे.

आणि मग पितृपक्ष लागला.

पहिल्याच दुपारी शेजारचा वकील शिशिर फाटकात उभा! हातात केळीचं पान, पानावर खीर-वडा, आणि चेहरा सकाळपासून उपाशी.

“काकू, साडेतीन वाजले! आजोबांचं पान दोन तास गच्चीवर होतं. एक कावळा नाही! पूरा पारा छान मारा, कोपरा न कोपरा शोधला! आमचे सगळे कावळे तुमच्याकडे आहेत!”

“तुमचे?” अच्युत म्हणाला. “नाव लिहिलं आहे का त्यांच्यावर?”

पण पान भिंतीवर ठेवलं मात्र, आणि फडफड करून ते साफ झालं! ही बातमी पाऱ्यात पसरायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी पाच पानं आली. चौथ्या दिवशी रांग फाटकापासून देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेली, आणि गंधालीने कागदाचे तुकडे फाडून टोकन वाटायला घेतली.

“एकेक करून या!” अच्युत भिंतीपाशी उभा राहून ओरडायचा. “कढी सांडू नका! वहिनी, तुमचा नंबर सोळा आहे, चौदावाले अजून व्हायचे आहेत!”

मागच्या गल्लीतल्या कांताबाई खुर्ची घेऊनच येऊ लागल्या. त्या रेल्वेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. माईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायला त्या शेवटपर्यंत रोज यायच्या. “आमच्यात हे पान-बिन काही नसते बाई,” त्या म्हणाल्या, “पण असा सिनेमा कुठं पाहायले भेटते!”

आणि अखेर माईंची तिथी आली.

इंदू पहाटे चारला उठली. चाळीस वडे तळले, परातीत झाकून ठेवले आणि आंघोळीला गेली. परत येऊन पाहते, तर परातीत सोळा!

“अहो! वडे कुठे गेले?”

“मांजर असेल,” अच्युत छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला.

“चोवीस वडे? मांजर होतं की म्हैस?”

“आजकाल मांजरी फार माजल्या आहेत,” असं म्हणून तो घाईने सोवळं सावरत निघून गेला. सोवळ्याच्या काठाला हा एवढा तेलाचा डाग! पण इंदूला डाग बघायला वेळ होता कुठे?

दुपारी श्रीपाद गुरुजींनी विधी आटोपले. माईंचं पान भिंतीवर मधोमध ठेवलं. मागे टोकनवाले ताटकळत उभे, कारण पहिला मान घरच्या पानाचा. भिंतीवर चाळीस-एक कावळे ओळीने बसलेले.

एकही हलला नाही!

लग्नात तिसऱ्या पंगतीनंतर वऱ्हाडी जसे मांडवात आडवे होतात, तसे ते बसले होते. एकाने एक डोळा उघडला, खिरीकडे पाहिलं, आणि डोळा मिटून घेतला. पाव तास गेला. अर्धा तास गेला.

“इच्छा राहिली आहे काही तरी,” गुरुजी म्हणाले. “बोला. शब्द द्या.”

अच्युतने हात जोडले. “माई, हे जांभळाचं झाड मी कधी तोडणार नाही!”

कावळे ढिम्म.

“माई, गंधालीला मराठी वाचायला शिकवीन!”

“पापा! मुझे बीच में क्यों ला रहे हो?”

“माई, शिशिरच्या घराशी भिंतीवरून भांडण आहे नं, ते मिटलं समज! ती दीड फूट जागा त्यांची!”

“सब ने सुना ना?” शिशिर रांगेतून ओरडला. “गुरुजी, तुम्ही ऐकलं नं?”

गुरुजींच्या पोटात सकाळपासून फक्त चहा होता. त्यांनी स्वतःच आवाज चढवला. “माई! अच्युतराव यापुढे ओवी म्हणणार नाहीत!”

“हव! हव!” सगळी रांग होकार देत गरजली.

मधला कावळा हलला. “हलला! हलला!” सगळे पुढे सरकले. त्याने पंखाखाली चोच घालून जरा खाजवलं आणि पुन्हा मान टाकली.

आता अच्युत मटकन पायरीवर बसला. “माई रुसली,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. “वीस चिमण्या होत्या गं तिच्या. मी एक आणू शकलो नाही. कोण्या तोंडानं ती माझ्या हातचं घेईल?”

रांगेत सगळा पारा उभा होता. असू दे! तिने पदर खोचला आणि ती भिंतीपुढे जाऊन उभी राहिली.

“माई,” ती म्हणाली, “चिमण्या येत नव्हत्या.”

अच्युतने मान वर केली.

“तीन वर्षांत एक आली नाही. तुम्ही विचारायच्या अन् मी मनातले आकडे सांगायची. ती लंगडी खोटी होती. तिचं घरटं खोटं, तिचं स्थळ पण खोटं! वीस कुठल्या, माई, बाडीत सरडा होता फक्त. तुम्ही हसत होत्या, म्हणून मी बोलत गेले. यांनी ते खरं धरलं. यांचा काही दोष नाही. माझा आहे.”

अच्युत बायकोकडे बघतच राहिला.

तेवढ्यात मागून खुर्ची करकरली.

“माईले मालूम होतं,” कांताबाई म्हणाल्या.

“काय?”

“डोळे गेले होते तिचे, कान कुठं गेले होते? वीस चिमण्या येतात अन् चिवचिव एकीची नाही, हे काय तिले समजत नव्हतं? मले म्हणे, कांता, इंदूले सांगजो नको. पोट्टी रोज येऊन माह्या खाटेवर बसते, गोष्ट सांगते. तिले समजलं तर ती बंद करून टाकीन. शेवटी तब्येत बिघडली तवा मी म्हटलं, माई, आता अंग सैल सोडा. तर मले म्हणे, थांब नं, लंगडीचं लगन जमते का नाही ते पाहून घेऊ दे!”

इंदू तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. अच्युत उठून जवळ आला. त्याने तिचा खोचलेला पदर उगाच नीट केला. रांगेतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले.

मग सगळ्यांनी एकदम भिंतीकडे पाहिलं.

मधल्या कावळ्याने जांभई दिल्यासारखी चोच उघडली, पान बाजूला ढकललं, आणि जरा पाय पसरून बसला.

“हे काय!” गुरुजी कळवळून म्हणाले. “आता अजून काय राहिलं? कुणी काही लपवून ठेवलं असेल तर सांगून टाका हो! चार वाजले!”

अच्युत घसा खाकरत होता. एकदा खाकरला, दोनदा खाकरला.

“इंदू.”

“आता काय?”

“ते... आज हे दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर जाऊ नयेत, म्हणून मी पहाटे पाच वाजता त्यांना जरा... दोन किलो गाठिया घातला.”

“दोन किलो!”

“अन् इंदू,” तो सोवळ्याच्या काठावरचा तेलाचा डाग मुठीत लपवत म्हणाला, “ते मांजर नव्हतं.”