गुडघा आणि सरासरी

गणित शिकलेला माणूस कधी उपाशी मरत नाही. मरतात ते त्याच्या हिशेबात न बसणारे. या विषयाचे फायदे अनेक. बँक, विमा, हवामान खाते, सगळीकडे मागणी. लग्नाच्या बाजारात असा मुलगा पोक्त दिसतो (केस लवकर जातात). घरात भांडण पेटलं तर दोन्ही बाजू बरोबर असल्याचं तो सिद्ध करून देतो आणि स्वतः जेवायला बसतो. अशाच एका पोराच्या आईंना मात्र एकच फायदा हवा होता: पोरगं एकदाचं नोकरीत कायम व्हावं.

पोरगं मोठ्या इस्पितळात प्रतीक्षा-गणिती होतं. शस्त्रक्रियेसाठी लोकांना सरासरी किती थांबावं लागतं, तो आकडा खाली आणायचा, हे काम. डॉक्टर वाढवणे हा अडाणी उपाय झाला. याने शास्त्रशुद्ध उपाय काढला. आधी बाकं उचलली. मग जे कंटाळून घरी गेले, त्यांचं थांबणं शून्य धरलं. (जे थेट वर गेले, त्यांचंही.) सरासरी निम्म्यावर आली. साहेब गहिवरले, आकडा अजून थोडा उतरला की कायम, म्हणाले.

अडचण एकच उरली. गुडघ्याच्या रांगेत एक बाई घरून स्टूल आणून ठाण मांडून बसत होती. त्या आईच.

"आई, घरी जा गं. तू एकटी सगळी सरासरी वर ओढतेस."

"तुला पोटात वागवलं तेव्हा काढली होती का रे मी सरासरी?"

"माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"आणि हा गुडघा काय माझ्या सासूचा आहे?"

पोरगं हळूच म्हणालं, "शास्त्रात तुझ्यासारख्यांना अपवाद म्हणून वगळायची सोय आहे. पण मग तुझा नंबर जाईल."

आईंनी गुडघ्याकडे पाहिलं. मग पोराकडे. (तुलनेत गुडघा जास्त उपयोगाचा होता.)

"वगळ मेल्या," त्या म्हणाल्या. "गुडघे दोन आहेत, पोरगं एकच." आणि स्टूल काखोटीला मारून लंगडत निघाल्या.

पोरगं कायम झालं. आई आता जिना बसत बसत उतरतात आणि भेटेल त्या शेजारणीला ठणकावतात, गणितासारखा विषय नाही! शेजारणींनी अजून गुडघ्याची चौकशी केलेली नाही. पोरगं कोणत्या क्लासला होतं, तेवढं विचारलं. वाचकहो, त्यांना नावं ठेवू नका. आईंची कीव तुम्हालाही आली असेलच, पण क्लासचा पत्ता मनात येऊन गेल्यावर.