वीस तारीख, टेबल रिकामं

मास्तरांच्या वेळापत्रकात गेली दोन वर्षं एकच ओळ होती: ‘नवी आवृत्ती येत्या महिन्यात.’

मास्तर शाळेत गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात छोट्या वाचनालयांसाठी बनवलेलं एक सॉफ्टवेअर सांभाळत. ते कुणीही फुकट वापरावं, आतून उघडून बघावं, सुधारावं. गावोगावचे अकरा हौशी लोक त्याला हातभार लावत. पण अकराही जणांचं ‘एवढं एक झालं की झालं’ काही संपत नव्हतं आणि मास्तर पडले भिडस्त. ते सगळ्यांसाठी थांबत. हे थांबणं घरातल्या एकुलत्या एका मोठ्या टेबलावर, दोन कॉम्प्युटर आणि वायरींचं जंजाळ मांडून चालायचं.

बायको शिवणकाम करायची. ऐंशी गणवेशांचं काम आलं होतं आणि कापड बेतायला टेबल हवं होतं.

“अहो, टेबल कधी मोकळं होणार?”

“नवी आवृत्ती निघाली की लगेच.”

“आणि ती कधी निघणार?”

“येत्या महिन्यात,” असं म्हणून मास्तर शाळेत गेले. सॉफ्टवेअरचं वेळापत्रक कॉम्प्युटरच्या पडद्यावर तसंच उघडं होतं. बाईंनी ती ओळ खोडली आणि लिहिलं: ‘वीस तारीख. टेबल रिकामं हवं. ज्याचं झालं नसेल त्याचं पुढच्या वेळी. सबबी ऐकल्या जाणार नाहीत.’ ते घरापुरतंच आहे असा त्यांचा समज होता.

संध्याकाळी मास्तर आले तो निरोपांचा पाऊस पडलेला. ‘अखेर कुणीतरी बोललं!’ ‘टेबल कसलं ते कळलं नाही, पण तारीख मान्य!’

“अगं, हे जगजाहीर असतं!” मास्तरांनी कपाळाला हात लावला.

“मग बरंच झालं. सगळ्यांना एकदम कळलं.”

मास्तर तारीख खोडायला बसले, तोच एका वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. “मास्तर, वीस तारखेची पाटी दारावर लावलीसुद्धा! सभासद किती खूश आहेत!” आता माघार घेणं म्हणजे तोंड लपवत फिरणं.

आणि नवल घडलं. दोन वर्षं रेंगाळलेले लोक कामं उरकू लागले. अठरा तारखेला अकराही जणांचं काम हातावेगळं झालं. उरलं फक्त बाराव्याचं, म्हणजे खुद्द मास्तरांचं. अर्धवट नाव टाकूनही पुस्तक शोधून देणारी त्यांची लाडकी सोय अजून अडखळत होती.

“चारच दिवस दे गं,” मास्तर काकुळतीला आले.

“गणवेश द्यायला चार दिवस जादा मिळतात का मला? खिसा राहिला तर राहिला, शर्ट वेळेवर जातो.”

मास्तरांनी जड मनाने आपली सोय बाजूला ठेवली. वीसला आवृत्ती निघाली. ग्रंथपालबाईंनी दोनदा फोन करून आभार मानले. मास्तरांना फार फार बरं वाटलं. त्यांनी टेबल पुसून दिलं आणि दोन्ही कॉम्प्युटर इस्त्रीच्या फळीवर हलवले.

एकवीस गेली, बावीस गेली. टेबल रिकामंच.

“अगं, कापड कुठाय?”

“पंचवीसला येणारे.”

“मग वीस का लिहिलंस?”

“पंचवीस लिहिलं असतं तर पंचवीसला मिळालं असतं?”

मास्तरांनी मनातल्या मनात गणित मांडून पाहिलं. उत्तर बरोबर होतं. त्यांनी गुपचूप वेळापत्रक उघडून बायकोच्या पुढ्यात सरकवलं. “पुढची तारीख तूच घाल.”

बाईंनी घातली. मग मास्तर कामाला लागले आणि खरी तारीख कोणती, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.