सयाजीराव निळ्या शर्टात

"एक चेंडू पुढे टाकायचा आणि दुसरा त्याच्याजवळ नेऊन ठेवायचा, एवढंच ना? अहो, आमचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते! भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उपटायचे! मी तर डोळे झाकून चेंडू टाकीन!"

म्हैसूरमधल्या सरस्वतीपुरममध्ये आपल्या घराच्या फाटकाशी उभं राहून सयाजीरावांनी हे जाहीर केलं. खुद्द सयाजीराव घोड्यावर कधी बसले नव्हते. त्यांचं आयुष्य विमा कंपनीत गेलं होतं आणि स्कूटरला किक मारण्याआधीसुद्धा ते चामुंडीला हात जोडत. पण बोलायला घोडा कशाला लागतो!

प्रसंगच तसा होता. शेजारच्या गोदावरीबाईंची मुलगी तुंगा, वय तिशीचं. लिहिणं-वाचणं, हिशेब हे तिला लहानपणापासून जड जायचं. तिची बुद्धी जरा सावकाश चालते, असं डॉक्टर म्हणाले होते. तिचा हात मात्र सावकाश नव्हता. ती बोच्ची खेळायची. (भवानीबाईंनी, म्हणजे सयाजीरावांच्या सौभाग्यवतींनी, हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर तोंडाला लावला होता.) खेळ साधा. पांढरा छोटा चेंडू पुढे टाकायचा, मग दोन्ही टीमनी आपापले मोठे चेंडू सोडायचे. ज्याचा जास्त जवळ, त्याचा गुण. जोडीत एक तुंगासारखा खेळाडू आणि एक पार्टनर, ज्याला असली अडचण नाही. दोघांची मिळून एक टीम.

तुंगाची पार्टनर होती तिची मावसबहीण अंबुजा. ती फायनलच्या आदल्या आठवड्यात जिन्यावरून घसरली. पाय प्लास्टरमध्ये! पार्टनर नाही तर मॅच नाही. तुंगाने जेवण सोडलं.

"रडू नकोस बाळ," सयाजीराव म्हणाले. तुंगाशी बोलताना ते प्रत्येक शब्द वेगवेगळा आणि मोठ्याने उच्चारत, जणू ती विहिरीच्या तळाशी उभी आहे. "मामा... आहे... ना! मामा... तुला... जिंकून... देईल!"

"ऐकू येतं मला," तुंगा म्हणाली. ती सगळ्या जगाला अरे-तुरे करायची. "तुला खेळता येतं का?"

सरावात सयाजीराव तिचं मनगट धरून चेंडू टाकायला शिकवू लागले. "हात सोड," तुंगा म्हणाली. तिने टाकला की ते टाळ्या वाजवत, "श्शाब्बास!" चेंडू नालीत गेला तरी श्शाब्बास!

रविवारी टीमचे शर्ट आले. खेळाडूंचा निळा, पार्टनरचा पिवळा. पिवळा अंबुजाच्या मापाचा निघाला. सयाजीरावांनी तो डोक्यातून घातला आणि तो छातीवरच अडकला. भवानीबाईंनी ओढून काढला तेव्हा चष्माही बरोबर आला. तुंगाचा निळा मात्र चांगला ढगळ होता.

"तुंगा पिवळा घालेल, मी निळा. रंगात काय आहे!" सयाजीराव म्हणाले.

फायनलच्या दिवशी सिटी बसने दोघं येलवालच्या मैदानाकडे निघाली. वाटेत सयाजीरावांनी कंडक्टरला, समोरच्या बाईला आणि मागच्या बाकावरच्या कोंबडीवाल्यालाही सांगितलं, "ही आमची तुंगा. बिचारी! आपणच सांभाळून घ्यायचं, काय?" कोंबडीवाल्याने मान हलवली. तुंगा खिडकीबाहेर बघत राहिली. वाटेतलं हिनकल गाव मागे पडलं.

मैदानाच्या फाटकाशी नागरत्ना नावाच्या स्वयंसेविका उभ्या होत्या. पन्नाशीच्या, हसतमुख. कोणी कितीही चिडलं तरी आपण शांत राहायचं, याचं त्यांनी दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं. त्यांनी पिवळ्या शर्टाला नमस्कार केला.

"या मॅडम! तुम्ही पार्टनर ना? आणि हे आपले खेळाडू?"

तुंगाने सयाजीरावांकडे पाहिलं. मग नागरत्नांकडे पाहिलं. तिच्या गालाला बारीकशी खळी पडली.

"हौदु," ती म्हणाली. म्हणजे कन्नडमध्ये 'हो'. "हा मामा. बिचारा! आपणच सांभाळून घ्यायचं."

"अय्यो, छे छे!" सयाजीराव हसले. "उलटं झालं! पार्टनर मी!"

"हो... का?" नागरत्नांनी टाळ्या वाजवल्या. "श्शाब्बास!"

"अहो, मी विमा कंपनीत साहेब होतो! अख्खी शाखा माझ्या हाताखाली होती!"

"अरे वा! साहेब! नाव काय आपल्या साहेबांचं?"

"हे बघा, ही चेष्टा पुरे!" सयाजीरावांचा आवाज चढला. तो जसजसा चढला, तसतसा नागरत्नांचा उतरत गेला.

"चिडले की काय करता तुम्ही?" त्यांनी तुंगाला हळूच विचारलं.

"सावलीत बसवायचं," तुंगा म्हणाली. "चित्रं रंगवायला द्यायची. लिंबू सरबत नको, त्याला सर्दी होते."

सयाजीरावांना हाताला धरून एका हिरव्या तंबूत नेण्यात आलं. समोर रंगीत खडू आणि मोराचं चित्र! त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "थांबा, आमच्या घरीच विचारा!" भवानीबाईंना फोन लावून त्यांनी तो नागरत्नांच्या हातात दिला आणि विजयी मुद्रेने पाय पसरले.

"नमस्कार बाई," नागरत्ना म्हणाल्या. "तुमचे यजमान इथे सगळ्यांना सांगताहेत, मी मोठा साहेब होतो..."

"अय्यो, तिथेही सुरू झाले का!" पलीकडून भवानीबाईंचा खणखणीत आवाज तंबूभर ऐकू आला. "ते सगळीकडे तेच सांगतात हो! नुसतं हो हो म्हणायचं. आणि वेळेवर खायला द्या, नाहीतर फार चिडचिड करतात!"

फोन बंद झाला. नागरत्नांनी सयाजीरावांच्या पाठीवरून हात फिरवला आणि एक बिस्किटाचा पुडा उघडला. सयाजीराव ओरडून थकले होते. आपण बोलतोय, समोरचं माणूस गोड हसतंय, आणि शब्द मात्र एकही त्याच्यापर्यंत पोचत नाही! असा प्रकार त्यांच्या बाबतीत कधी घडला नव्हता. नाइलाजाने त्यांनी मोराच्या पिसाऱ्याला निळा खडू लावला.

इतक्यात लाउडस्पीकरवर फायनलची घोषणा झाली. मागोमाग तुंगा धावत आली.

"मामा, चल! मॅच!" ती नागरत्नांना म्हणाली, "सोड त्याला. मी खेळाडू आहे. हा पार्टनर."

"हो हो मॅडम," नागरत्ना हसल्या. "आपण सगळेच खेळाडू! पण त्यांना जरा शांत होऊ द्या."

तुंगाचा चेहरा उतरला. "खरंच! मी सुम्मने, उगाच गंमत केली!"

"बाई, ती खरं बोलतेय!" सयाजीराव खडू टाकून उठले. "तिची मॅच जाईल हो! वर्षभर खेळलीय ती याच्यासाठी! मला काहीही समजा, पण तिला खेळू द्या!"

त्या दिवसात पहिल्यांदा सयाजीराव स्वतःविषयी बोलत नव्हते. नागरत्ना क्षणभर गोंधळल्या. तेवढ्यात तंबूच्या दारात शिट्टी वाजली. पंच विशालाक्षी मॅडम! त्या तुंगाला कितीतरी मॅचमध्ये बघत आल्या होत्या.

"तुंगा! कुठे होतीस? आणि पार्टनरचा शर्ट तुझ्या अंगात कसा? कोर्टवर ये आधी, नाहीतर हिनकलच्या टीमला जिंकवून टाकते!"

नागरत्नांनी हातातलं अर्धं बिस्किट पाहिलं, सयाजीरावांना पाहिलं. "मग हे... खरंच साहेब?"

 सयाजीराव निळ्या शर्टात पोट सांभाळत धावत सुटले होते.

समोर हिनकलचा बिंदुमाधव, तुंगाचा जुना प्रतिस्पर्धी, आणि त्याचे पार्टनर. गुण बरोबरीत आले. शेवटचा डाव! तुंगाने आपला चेंडू असा अलगद सोडला की तो पांढऱ्या चेंडूला जाऊन जवळजवळ टेकलाच. आता सयाजीरावांनी फक्त काही बिघडवू नये, एवढंच बाकी होतं.

"हळू टाक," तुंगा म्हणाली.

पण ऐन वेळी सयाजीरावांच्या अंगात पणजोबांचा घोडा शिरला. चेंडू तोफगोळ्यासारखा सुटला आणि त्याने तुंगाच्याच चेंडूला अशी धडक दिली की तो थेट कोर्टच्या कडेच्या फळीपाशी जाऊन थांबला. हिनकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सॉरी," सयाजीराव पुटपुटले.

 तुंगाने उरलेला चेंडू घेतला, गुडघ्यात वाकली आणि सोडला. पुन्हा जवळ! सगळं मैदान ओरडलं. पण शेवटचा चेंडू बिंदुमाधवचा होता. त्याने तो इतक्या शांतपणे आणून ठेवला की पंचांना फीत लावून मोजावं लागलं. बोटभर अंतराने हिनकल जिंकलं.

"पुढच्या वेळी बघते तुला!" तुंगा बिंदुमाधववर कडाडली. त्याने जीभ काढून दाखवली.

दुसऱ्या क्रमांकाची पदकं गळ्यात पडली. विशालाक्षी मॅडमनी तुंगासमोर माइक धरला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. सयाजीरावांनी निळा शर्ट पोटावर खाली ओढला आणि नम्र चेहरा करून ठेवला.

तुंगाने आईचे आभार मानले. अंबुजाचे मानले. मैदान झाडणाऱ्यांचे मानले. चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, केलेल्या आचाऱ्याचे मानले, चित्रान्नात शेंगदाणे कमी होते हेही सांगितलं. मग तिने शेजारी पाहिलं.

"आणि हा मामा," ती म्हणाली. प्रत्येक शब्द वेगवेगळा आणि मोठ्याने. "मामा... खूप... प्रयत्न... करतो! त्याला शिकायला वेळ लागतो. कोणी हसू नका. टाळ्या वाजवा!"

सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. नागरत्नांनी तर उभं राहून वाजवल्या. सयाजीरावांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि आता दुसरं काय करणार, म्हणून त्यांनीही वाजवल्या!