कॅम्प टूची कढी

आमच्या इमारतीत दळण बर्फातले बूट घालून येतं.

म्हणजे दळण आणणारे परबकाका घालून येतात. मे महिन्यातली डोंबिवलीची दुपार. पंख्याखाली बसलेला माणूससुद्धा वितळत असतो. अशा वेळी जिन्यातून धप्प, धप्प असा आवाज येतो. कोपरापर्यंत हातमोजे घालावेत तसे गुडघ्याच्या जवळ आलेले ते बूट, पाठीवर माणूस मावेल एवढी सॅक आणि सॅकमध्ये अख्ख्या इमारतीचं दळण.

"माल पोचला!" काका दारात उभे. घाम नाकाच्या शेंड्यावरून माझ्या पायपुसण्यावर. "गहू तुझे, बाजरी म्हात्रेवहिनींची. आणि बेसन कुणाचं ते विचारू नकोस, ते फुटलंय."

लिफ्ट उत्तम चालू असते. पण लिफ्टचा आणि काकांचा संबंध फक्त एकदा आलेला मला ठाऊक आहे. नव्या भाडेकरूने दार धरून अदबीने विचारलं, "काका, वर जायचंय?"

"जायचंय ना," काका म्हणाले, "मे संपायच्या आत." आणि जिना चढू लागले.

काकांचं 'वर' म्हणजे गढवालातलं एक शिखर. सात हजार मीटरच्या पलीकडचं. नाव ते सांगत नाहीत, नाव घेतलं की रुसतं म्हणे. साठी उलटलेला, माझ्या खांद्याला लागणारा हा माणूस एका केमिकल कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाला आणि लोक जसे भिशी लावतात तसा डोंगराला लागला. रविवारी मलंगगड. मधल्या वारी सॅक भरून शीळफाट्यापर्यंत चालत जाणं आणि येणं. तिथे एका रिक्षावाल्याने कळवळून विचारलेलं, "काका, घरातून काढलं काय? बसा, सोडतो. पैसे नको." काकांना त्याचा राग आला नाही. "चांगला पोरगा होता रे," असं ते दोन दिवस सांगत होते.

एकदा त्यांनी बुटांखाली ते लोखंडी खिळे बांधून जिन्यात सराव केला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'सभासदांनी जिन्यात नखे लावून फिरू नये.' खाली कुणीतरी पेनाने लिहिलं, 'मांजरांना सूट.'

हसायला काय जातं? पण त्या डोंगराने काकांना दोनदा परत पाठवलं होतं. पहिल्यांदा वादळ, दुसऱ्यांदा जोडीदार आजारी. शेवटच्या टप्प्यात एक धार आहे, दोन्ही बाजूंना काही नाही. "तिथून माणूस गेला ना," काका एकदा चहा ढवळत म्हणाले, "तर आवाज पण येत नाही." मग बराच वेळ चहाच ढवळत बसले. त्यात साखर नव्हती, हे मला माहीत होतं.

ही तिसरी खेप. "आणि शेवटची. गुडघे आता मत मांडायला लागलेत."

निघायच्या आदल्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले ते हातात झाकलेली वाटी घेऊन. इतक्या हळू पावलांनी आले, की मला बुटांचा आवाजच आला नाही.

"मीनल, एक जबाबदारी आहे. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?"

मी पदर खोचला. मला वाटलं मृत्युपत्र. वाटीत दही निघालं.

हे शैलाकाकूचं विरजण. काकू जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या शेवटच्या दह्यातलं चमचाभर काकांनी त्या दिवशी दुधात घातलं, आणि मग रोज. मधल्या खेपेला त्यांची बहीण येऊन राहिली होती, दही सांभाळायला. या वर्षी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. खडकाला दोरी बांधताना ज्यांचा हात हलत नाही, ते काका ओट्यापाशी उभे राहून मला दुधात बोट घालायला लावत होते. "चटका बसता नये. पण बोटाला कळलं पायजे, की दूध गरम आहे. आता झाक. हलवू नको! झोपलंय ते."

"काका, अख्खी डोंबिवली दही लावते."

"लावते ना. आपापलं लावते."

मी निमूट वाटी झाकली. शिवाय काकांचा गिर्यारोहणातला नियम असा, की सगळा माल एका कॅम्पवर ठेवायचा नाही. म्हणून माझं घर कॅम्प वन, आणि पाचव्या मजल्यावरच्या म्हात्रेवहिनी कॅम्प टू. त्यांच्याकडेही एक वाटी गेली.

सकाळी काका सॅक घेऊन दारात. निघेनात. बुटाची नाडी सोडली, बांधली. हवा कशी आहे विचारलं. माझ्या नवऱ्याला दोनदा 'बरं मग' म्हणाले. शेवटी माझ्यापुढे उजवा हात पसरला. मला वाटलं, टाळी मागतायत. मी खणखणीत टाळी दिली.

काका हाताकडे बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "अगं, दही."

प्रवासाला निघताना घरच्या बाईने हातावर दही घालायचं, एवढी साधी गोष्ट. मी आत पळाले. चमचाभर घातलं. त्यांनी ते चाटलं, लहान मुलासारखं, तळहात फिरवून फिरवून. मला काय करावं सुचेना, म्हणून मी आपलं ठेवणीतलं केलं, दम भरला. "लवकर या हं काका! तुमच्या दह्याची राखण मला जन्मभर झेपायची नाही."

"येतो," म्हणाले आणि धप्प धप्प उतरले.

आठवड्याने म्हात्रेवहिनी जिन्यात भेटल्या, प्रसन्न. "परबांचं दही छानच हो! पाहुणे आलेले, सगळ्याची कढी केली."

"सगळ्याची?"

"वाटी घासून ठेवलेय ना मी."

कॅम्प टू पडला. आता एकट्या माझ्यावर आलं. मी फ्रीजवर चिठ्ठी लावली: 'वरच्या कप्प्याला हात लावणाऱ्याचं मुंडकं उडेल.' नवऱ्याने बाहेरून विकतचं दही आणून, माझ्याकडे बघत, भाताबरोबर खाल्लं. एकदा दुपारभर लाइट गेली तेव्हा मी वाटी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्यापाशी बसून होते. आजाऱ्यापाशी बसतात तशी. रोज संध्याकाळी दुधात बोट घालायचं आणि मनात यायचं, ते आता कुठे असतील? त्या धारेवर? आवाज न येणारी जागा मला पहिल्यांदा नीट कळली ती आमच्या ओट्यापाशी.

आणि एके दिवशी धप्प, धप्प. अगदी सावकाश.

काका दारात. नाकाचं साल निघालेलं, गाल काळे, डोळ्यांभोवती गॉगलचे पांढरे गोल. घुबडाने उन्हाळी सुट्टी काढावी तसे.

"लागलं का?" पहिला प्रश्न.

मी वाटी दिली. त्यांनी बोटाने चाखलं. डोळे मिटले. "लागलंय," म्हणाले.

"आणि वरचं?"

"नाही झालं."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"दिसत होतं गं. आपल्या गच्चीवरून पलीकडची टाकी दिसते तसं. पण परत फिरायची वेळ ठरलेली, ती होऊन गेलेली. ढग यायला लागलेले. लीडर म्हणाला, काका, तुम्ही ठरवा. दोघं पुढे गेले. पोचले, आले पण. एकाची बोटं गेली, पण आले."

"मग तुम्ही का फिरलात?" विचारलं आणि जीभ चावली.

काका वाटीत बघत होते.

"पूर्वी शैला म्हणायची. प्रत्येक वेळी. मधल्या खेपेला कुणी म्हणालं नव्हतं, तेव्हा जोडीदार आजारी पडला म्हणून आलो. नाहीतर..." ते थांबले. "या वेळी धारेवर बसलो आणि आठवलं. तू म्हणालेलीस, लवकर या."

मी ते दह्यासाठी म्हणाले होते.

काकांनी वाटी ओट्यावर ठेवली, परत माझ्याच ओट्यावर, आणि सॅक रिकामी करून खांद्याला लावली.

"तुझं काही दळण आहे का? रिकाम्या पाठीनं जिना चढवत नाही."

गहू कालच दळून आलेले. डबा काठोकाठ भरलेला. मी आत गेले, रोजच्या भाताचे तांदूळ होते तेवढे सगळे पिशवीत ओतले आणि त्यांच्या सॅकमध्ये ठेवले.

"बारीक दळा म्हणावं," मी म्हणाले. "आणि काका, लवकर या."

त्या आठवड्यात आमच्याकडे रोज तांदळाच्या पिठाचे घावन होते.