कोकणचे बारा, बिनतिकीट बारा

सोमवारी सकाळी ऋतिका मॅडमचे भित्रे उंदीर चाचणीच्या उघड्या पेटीच्या मधोमध बसून निवांत मिशा साफ करू लागले, आणि धोंडू परबला अभिमानाने भरून आलं. कॉम्प्युटरसमोर बसलेल्या ऋतिकाने मात्र डोक्याला हात लावला. एकाच दृश्याने एकाची छाती फुगली आणि दुसरीचं तोंड उतरलं, तिथेच कुणीतरी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विचारणार कोण?

मुलुंडच्या एका संशोधन संस्थेत धोंडू बावीस वर्षं उंदीर सांभाळत होता. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी बघायचं, आणि मॅडम सांगतील त्या पिंजऱ्यातल्या लेंड्या चिमट्याने उचलून डबीत भरून द्यायच्या. लेंड्यांवरून उंदराच्या मनावर किती ताण आहे ते कळतं, हे त्याने घरी सांगितलं तेव्हा बायको सुगंधा शांतपणे म्हणाली होती, "मगे एकदा तुमी पण तपासून घेवा."

ऋतिका बोरिवलीची. पाच वर्षं ती याच कामावर पीएचडी करत होती. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, मन थाऱ्यावर ठेवण्याचं बरंचसं काम त्याच्याकडे. ते झेलून घ्यायला पेशींवर जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तिच्या बारा उंदरांमध्ये अशा एका रिसेप्टरचा जीन जन्मापासूनच काढून टाकलेला होता. दुसऱ्या बारांत सगळं जागच्या जागी होतं. पहिले बारा भित्रे निघायला हवे होते. पेटीत सोडले की त्यांनी भिंत धरून राहायचं, आणि त्यांच्या लेंड्यांत ताणाचं हार्मोन जास्त सापडायचं. तसं झालं की प्रबंध पुरा आणि जुलैपासून जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तिची जागा पक्की. अहवाल तीस एप्रिलच्या आत जायला हवा होता, आणि सोमवारी तारीख होती नऊ.

पहिल्या बारा पिंजऱ्यांवर इंग्रजी अक्षरं होती, के आणि ओ. म्हणजे नॉकआउट, जीन काढलेले. उरलेल्या बारांवर डब्ल्यू आणि टी. म्हणजे वाइल्ड टाइप, निसर्गाने दिले तसे. संस्थेत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून धोंडूला कुणी सांगितलं नाही. आणि बावीस वर्षांच्या नोकरीनंतर पोरासोरांसमोर अडाणी ठरायची धोंडूची तयारी नव्हती, म्हणून त्याने विचारलं नाही. त्याने आपल्या अकलेने लावलं. के आणि ओ म्हणजे को. को म्हणजे कोकण. डब्ल्यूटी म्हणजे काय, हे तर मुंबईत कुणाला शिकवावं लागत नाही. डब्ल्यूटी म्हणजे विदाउट तिकीट.

झालं. कोकणातून आलेल्या बाराजणांचं धोंडूने गाववाल्यांसारखं आदरातिथ्य सुरू केलं. त्यांना तो दोन्ही हातांच्या ओंजळीत अलगद उचलायचा, क्षणभर तसंच धरायचा, गावची खबरबात सांगायचा आणि मग ताज्या भुशावर ठेवायचा. फुकट्या बाराजणांना त्याने उपाशी ठेवलं नाही की मारलं नाही. तेवढा तो पापभीरू होता. फक्त त्यांची शेपटी चिमटीत धरायची, वर उचलायचं, पलीकडे ठेवायचं. फुकट्यांना याहून जास्त काय करायचं?

फुकट्यांवर त्याचा राग जुना होता. अकरा वर्षांचा असताना तो एसटीने गावाहून परळला उतरला. मामा त्याला लोकलने घाटकोपरला घेऊन निघाला आणि "पोराक कसला तिकीट" म्हणाला. कुर्ल्याला गाडी बदलताना पुलावर टीसीने मामाला सोडून धोंडूचीच कॉलर धरली आणि त्याला चवड्यांवर चालवत ऑफिसात नेलं. बाकावर बसवलेल्या धोंडूची ती दुपार अजून संपली नव्हती. तेव्हापासून तिकीट काढल्याशिवाय तो कधी फलाटावर पाऊल ठेवत नसे, आणि जो ठेवतो त्याच्याबद्दल त्याच्या मनात दया नव्हती.

इकडे ऋतिकाला वाटलं, पिंजऱ्यांची अदलाबदल झाली. तिने चोवीस उंदरांच्या कानाचा कणभर तुकडा घेऊन जीन पुन्हा तपासला. जो जिथे हवा तिथेच होता. मग तिला हार्मोन मोजायचं सामान जुनं वाटलं. नवीन मागवलं. ताण कमी निघाला तो भित्र्यांचा, जास्त निघाला तो धडधाकटांचा. शेवटी ती तिच्या गाइड डॉ. क्षमा यांच्याकडे गेली. नावाशी बाईंचा फारसा संबंध नव्हता.

"पंचवीस वर्षं जगभर जे सापडतंय ते फक्त मुलुंडमध्ये सापडत नाही?" बाई म्हणाल्या. "सगळी टेस्ट परत कर. तीसच्या आत."

त्या दुपारी ऋतिकाने डबा उघडला, बघितला आणि बंद केला. धोंडू भुशाची पाटी खाली ठेवून जवळ आला. त्याची स्वतःची मुलगी याच वयाची होती.

"मॅडम, उंदीर त्रास देतायत का?"

"काय सांगू काका. पेटीत जे करायला पाहिजे तेच करत नाहीत. त्या केओवाल्यांनी तर माझी पार वाट लावलीय."

धोंडू पिंजऱ्यांकडे वळला. आपल्या गाववाल्यांनी पोरीची वाट लावावी? म्हणजे पेटीत त्यांना अजून धीर कमी पडतोय. कमी राहिलं ते आपल्याकडून राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तो अर्धा तास लवकर येऊ लागला. कोकणातल्या उंदरांना सदऱ्याच्या बाहीवर फिरवू लागला. मोबाइलवर हळू आवाजात दशावतारी नाटकातली गाणी लावू लागला. एवढं करायला वेळ पुरेना, म्हणून फुकट्यांचं काम त्याने आटोपतं घेतलं. शेपटी, वर, खाली, पुढचा.

दुसऱ्या फेरीत एक केओ उंदीर पेटीच्या मध्यभागी झोपला. बाराच्या बारा डब्ल्यूटी चार भिंतींना चिकटून राहिले.

सत्तावीस तारखेला ऋतिका सकाळी लवकर आली. पिंजऱ्यांच्या खोलीचं दार उघडणार तोच आतून आवाज आला.

"भिया नको गो बाय, मी आसंय मां. आज मॅडमचा नाव काढूचा हा."

तिने काचेतून पाहिलं. ओंजळीत उंदीर होता आणि ओंजळ धोंडूच्या छातीशी. मग त्याने उंदीर ठेवला, शेजारच्या रांगेकडे वळला आणि पुढचा शेपटीने उचलला. ऋतिका दाराला टेकून उभी राहिली. मग आत गेली.

"काका, यांना ओंजळीत आणि त्यांना शेपटीने? असं का?"

"हे आपले कोकणातले ना मॅडम."

"कोण म्हणालं?"

"लिहिलंय की. को."

ऋतिकाने डोळे मिटले. "आणि ते?"

"ते..." धोंडूला एकदम आपलंच उत्तर नीट वाटेना. "विदाउट तिकीट."

ती हसली. हसता हसता स्टुलावर बसली, आणि बसल्यावर रडू लागली. धोंडू रिकामे हात घेऊन तसाच उभा राहिला. मग तिने त्याला सगळं सांगितलं, सेरोटोनिनपासून जर्मनीपर्यंत. उंदराला शेपटीने उचललं की तो धसका घेतो आणि ओंजळीत घेतलं की निवळतो, हेही सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं.

धोंडू तडक बाईंच्या केबिनमध्ये गेला. "चूक माझी आहे, मॅडम. पोरीला काही बोलू नका. मला काढून टाका."

मागोमाग ऋतिका आली. "लेबलं उघडी मी ठेवली, मॅडम. नुसते आकडे घालायला हवे होते. आणि काकांना मी कधी काही सांगितलंच नाही."

डॉ. क्षमा बराच वेळ आकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "जीन एकीकडे आणि ओंजळ एकीकडे. यात प्रबंध आहे, ऋतिका. फक्त तो तुझा नाही, या काकांचा आहे."

अहवाल गेला नाही. जर्मनीला ऋतिकाने खरं ते लिहिलं. चार ओळींचं सभ्य उत्तर आलं आणि जागा दुसऱ्याला गेली. नवे चोवीस उंदीर आले, पिंजऱ्यांवर नुसते आकडे आले, आणि पहिल्यापासून सुरुवात झाली. एक वर्ष लागणार होतं. ऋतिका धोंडूवर चिडली नाही. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

जुने उंदीर कामातून बाद झाले होते. ते महिनाभर राहू देत, असं धोंडूने बाईंकडून मागून घेतलं. दुपारी जेवण झालं की तो डब्ल्यूटीच्या एकेका पिंजऱ्यात उघडा हात ठेवून बसायचा. उंदीर कोपऱ्यात दबून राहायचे. कोकणचे बारा मात्र शेजारच्या पिंजऱ्यांतून त्याला बघून जाळीला नाक लावायचे.

एक दिवस ऋतिका स्टूल ओढून शेजारी बसली.

"येतात का?"

"अजून नाही." मग त्याने विचारलं, "मॅडम, 'विथ'चं स्पेलिंग कशावरून हो?"

"डब्ल्यूवरून."

धोंडू लेबलाकडे बघत राहिला. कुर्ल्याच्या बाकावर बसल्यासारखी त्याची मान खाली गेली.

"म्हणजे विथ तिकीट पण असू शकलं असतं."

धोंडूने हात तसाच पसरून ठेवला, आणि कोपऱ्यातला उंदीर त्या हाताकडे बघत आणखी थोडा मागे सरकला.