कांताबाईंची पाच मिनिटं

"सल्ला द्यायचा नाही, 'का' विचारायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. पाच मिनिटं फक्त ऐकायचं!" प्रीती मॅडमनी तिसऱ्यांदा बजावलं.

बडा गणपती मंदिराजवळच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये प्रशिक्षण चाललं होतं. ज्यांच्या बाबतीत गुन्हा घडलाय, त्यांना धीर देणारे स्वयंसेवक तयार व्हायचे होते. नऊ जण पास झाले होते. कांताबाई दोनदा नापास! पहिल्यांदा त्यांनी चाळिसाव्या सेकंदाला सल्ला दिला, दुसऱ्यांदा तर समोर पीडित बनून बसलेली रडायच्या आधीच.

"आता शेवटचा चान्स, कांताताई. नाहीतर बॅज नाही."

बॅज तर हवाच होता. मागच्या वर्षी शेजारच्या अस्मिताची चेन ओढून नेली, तेव्हा कांताबाई बोलून गेल्या होत्या, "इतकी भारी चेन घालून गेलीसच कशाला?" तेव्हापासून अस्मिताने त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

पास झालेल्यांपैकी पंचशीला खोटं रडायला खुर्चीत बसली. शाळेच्या नाटकात तिला कायम झाडाचा रोल मिळायचा. त्याचा सगळा वचपा तिने आज काढला. "माझी चेन गेली होऽऽ!" असा हंबरडा फोडला की खिडकीतली कबुतरं उडाली.

कांताबाईंनी ओठ गच्च मिटले. दुसऱ्या मिनिटाला त्यांची नजर खिडकीबाहेर गेली, डोळे मोठे झाले, तोंड उघडलं...

"शूऽऽ!" मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

तोंड बंद.

चौथ्या मिनिटाला पास झालेला ज्ञानदीप पाणी आणायला बाहेर गेला आणि पळतच परत आला. "मॅडम, तुमची स्कूटी गायब!"

पुण्याहून येऊन मॅडमना दोनच महिने झाले होते, आणि स्कूटी त्याहून नवी. त्या मटकन खाली बसल्या. "चावी... चावी तिलाच राहिली."

मग काय! नऊच्या नऊ पास मंडळी तुटून पडली.

"चावी सोडलीच का, मॅडमजी?"

"लॉक तर लावायचं ना यार!"

"माझ्या मोठ्या भियाची पण अशीच गेली. आजतक नाही मिळाली!"

कांताबाई मात्र गप्प. त्यांनी खुर्ची ओढली, मॅडमपुढे पाण्याचा ग्लास धरला आणि ऐकत बसल्या. मॅडम रडत रडत, आईने स्कूटीचा रंग कसा निवडला, इथपर्यंत जाऊन पोचल्या. हळूहळू हुंदके थांबले.

इतक्यात दारात हॉर्न! तीच स्कूटी. पुढे कांताबाईंचे यजमान तात्याराव, मागे हवालदार.

"चेन कुणाची गेली?" तात्यारावांना धाप लागली होती. "मी बाहेर हिची वाट बघत होतो. रडणं ऐकलं, गाडीला चावी दिसली, सीधा पुलिस थाने!"

मॅडम सावकाश कांताबाईंकडे वळल्या. "तुम्ही खिडकीतून यांनाच पाहिलंत?"

"हौ."

"मग सांगितलं का नाही?"

"पंचशीलाची पाच मिनिटं चालू होती ना! मग तुमची सुरू झाली." कांताबाईंनी बोट वर केलं. "आणि मॅडमजी, 'का' नसतं विचारायचं."

मॅडमनी बॅज काढून त्यांच्या पदराला लावला.

संध्याकाळी कांताबाई तो बॅज मिरवत अस्मिताच्या दारात उभ्या राहिल्या, तोंड मिटून. अस्मिताने बॅज बघितला, मिटलेलं तोंड बघितलं, त्यांना आत घेतलं आणि बोलायला लागली. वर्षभराचं साठलेलं. पाच मिनिटांत आटोपायचं काही चिन्ह नव्हतं.