नाडीला नाटक येत नाही

पंपांच्या कारखान्यात अपघाताची तालीम व्हायची होती. जखमी म्हणून पडून राहायला माणसं हवी होती, आणि पहिला हात वर केला तो स्टोअरकीपरने. कारखान्यात त्याला सगळे नटवर्य म्हणत. हा किताब त्याने कमावलेला नव्हता, लोकांनी टर उडवायला बहाल केलेला होता. कामगारांच्या नाटकांत त्याने आजवर एकदा हवालदार केला होता, एकदा प्रेत केलं होतं आणि एकदा नुसताच पडदा ओढला होता. त्यातल्या त्यात प्रेताचं बरं चाललं होतं, पण ऐन रडारडीत त्याला शिंक आली आणि तेही मुसळ केरात गेलं.

या वेळी मात्र नशीब उघडलं. त्याच्या गळ्यात अडकवायचं कार्ड आलं : ‘उजवी मांडी मोडली आहे. शुद्धीवर. खूप ओरडतो.’

शेवटचे दोन शब्द वाचून त्याला गहिवरून आलं. घरी तालमी सुरू झाल्या. संध्याकाळ झाली की नटवर्य दिवाणखान्यात आडवे पडून विव्हळायचे आणि बायको आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली असायची.

“अहो, जरा हळू विव्हळा. शेजारीण विचारून गेली, काय केलंत म्हणून ह्यांना.”

“वेदना शेवटच्या रांगेपर्यंत पोचली पाहिजे.”

“पोचली हो. पार गल्लीच्या टोकापर्यंत पोचली.”

तालमीची सूत्रं इस्पितळातल्या अपघात विभागाच्या डॉक्टरीणबाईंकडे होती. बाई अंगाने लहानखुऱ्या, पण आवाज असा की तो चढवायची त्यांच्यावर कधी वेळच येत नसे. प्रथमोपचाराच्या पथकाकडून त्यांनी एक गोष्ट घोटून घेतली होती. “जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. तो थोडा थांबू शकतो. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी धावायचं.” मग त्या जखमींकडे वळल्या. “आणि तुमच्यापैकी कुणाला खरंच लागलं, तर ‘नाटक बंद’ एवढंच म्हणायचं. सगळं जागच्या जागी थांबेल.”

नटवर्यांनी कानांवर हात ठेवले. “नटाच्या तोंडी हे शब्द? बाई, प्राण गेला तरी निघायचे नाहीत.”

“जायच्या आधी म्हणा, एवढीच विनंती,” बाई म्हणाल्या.

तालमीच्या दिवशी माल उतरवायच्या धक्क्यासमोर दोर बांधून मैदान आखलं होतं. दोरापलीकडे कामगार, त्यांच्या घरची मंडळी, आणि खुर्चीवर मुख्य कचेरीतून आलेले निरीक्षक. नटवर्यांसाठी जमिनीवर खडूने जागा आखून दिली होती. तिथे मुकाट्याने पडून राहायचं, भोंगा झाला की ओरडायचं, इतकं सोपं काम. पण पडून राहिलेल्या माणसाला प्रवेश कुठला? नटवर्यांनी परस्पर ठरवलं की आपण धक्क्यावरून लटपटत यायचं, पायऱ्या उतरायच्या आणि मग कोसळायचं. रक्तही त्यांनी घरूनच आणलं होतं. साखरेच्या पाकात लाल रंग कालवून चांगली बरणीभर. शेजारी बेशुद्ध पडायचं काम असलेला पेंटर म्हणाला, “अहो, एवढं रक्त माणसात नसतं.” पण कलेच्या बाबतीत नटवर्य हात आखडता घेत नसत. त्यांनी मांडीवर ओतलं, सदऱ्यावर ओतलं आणि उरलेलं पायऱ्यांवर शिंपडलं.

भोंगा झाला. नटवर्य मांडी धरून धक्क्यावर अवतरले. पहिली पायरी उतरले. दुसऱ्या पायरीवर त्यांचा डावा बूट स्वतःच्याच रक्तात पडला आणि सर्रकन निघून गेला. मागून बाकीचे नटवर्य गेले. खाली आपटताना डावा पाय अंगाखाली मुरगळला आणि आतून कडकन आवाज आला.

मग त्यांच्या तोंडून जी किंकाळी फुटली, तिची तालीम घरी कधी झाली नव्हती.

दोरापलीकडे सगळे उभे राहिले. आणि मग टाळ्या पडल्या. एखाद-दुसरी टाळी नव्हे, कडकडाट. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. नटवर्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण त्या काजव्यांतूनही त्यांना उभी राहून टाळ्या वाजवणारी माणसं दिसली. दोनच शब्द म्हणायचे होते. ते जिभेवर आलेही. पण आयुष्यात पहिल्यांदा टाळी पडलेली, आणि ती थांबवायची कुणी? ज्याने इतकी वर्षं तिची वाट पाहिली त्यानेच? नटवर्यांनी शब्द गिळले आणि पुन्हा एकदा किंचाळले.

पथकाचा प्रमुख फिटर धावत आला, वाकून बघितलं आणि हसला. “ओरडतोय. म्हणजे श्वास झकास. चला, पुढचा!”

“अरे, पाय... पाय गेला माझा!”

“तुमच्या तोडीचा रुग्ण नाही, नटवर्य,” असं म्हणून फिटर पेंटरकडे गेला. पेंटरला एव्हाना खरोखरच झोप लागली होती, त्यामुळे त्याची बडदास्त पहिली ठेवली गेली. नटवर्य जितके जोरात ओरडत, तितके पथकाच्या हिशेबात सुखरूप ठरत आणि रांगेत मागे पडत.

शेवटी एकदाचा त्यांचा नंबर लागला. फिटरने पायाला बांधायच्या फळ्या काढल्या.

“डावा रे, डावा!”

फिटरने कार्ड वाचलं. “उजवा आहे. भूमिका विसरू नका, साहेब बघतायत.” आणि त्याने उजवा पाय कंबरेपासून टाचेपर्यंत इतका सुरेख बांधला, की गाठी बघत राहाव्यात. त्या पायाला आयुष्यात काही झालेलं नव्हतं.

तेवढ्यात डाव्या पायाची बोटं गार पडल्यासारखी वाटली. मग मुंग्या आल्या, मग त्याही गेल्या. आता मात्र नटवर्य मनापासून घाबरले. टाळ्या, साहेब, शेवटची रांग सगळं विसरून त्यांनी डोळे घट्ट मिटले, तसेच आणखी थोडा वेळ विव्हळले आणि मग गप्प झाले.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाई पायाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी कात्रीने बूट उभा कापला, मोजा कापला. पाऊल भलत्याच दिशेला तोंड करून होतं आणि घोट्यावरची कातडी ताणून पांढरी पडली होती. बाईंनी पावलावर दोन बोटं ठेवली. नाडी शोधत बराच वेळ ठेवली.

“मी... मी जरा अभिनय...” नटवर्य पुटपुटले.

“तुम्ही करत असाल. नाडीला नाटक येत नाही.” मग त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. “नाटक बंद!”

सगळं मैदान जागच्या जागी थिजलं. पुढे जे झालं ते बघणाऱ्यांनी कित्येक दिवस एकमेकांना सांगितलं. बाईंनी शिरेतून दुखणं मारायचं औषध दिलं, ते भिनेपर्यंत नटवर्यांचा हात धरून बसल्या आणि बाकी कुठे लागलंय का ते डोक्यापासून चाचपून घेतलं. फिटरला गुडघा वाकवून धरायला लावला. एका हाताने टाच, दुसऱ्याने पाऊल पकडून त्यांनी सावकाश ओढलं, वळवलं, आणि घोटा खट्कन जागेवर बसला. कुठे झटापट नाही की घाई नाही. पुन्हा दोन बोटं पावलावर. बाईंचा चेहरा सैल झाला, तेव्हा लोकांनी आपापला श्वास सोडला. रक्त पोचतंय का ते बघायला त्यांनी अंगठ्याचं नख दाबलं, ते पांढरं झालं आणि बघता बघता गुलाबी झालं. मग डाव्या पायाला फळी लागली. फळी बांधल्यावरही त्यांनी नाडी पुन्हा पाहिली. फिटरने न सांगता टोपी काढली होती.

“पाऊल वाचलं,” त्या म्हणाल्या. “आणखी उशीर परवडला नसता.”

इस्पितळात हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी फिटर भेटायला आला, तो निरीक्षकांचा शेरा ऐकवायला. “पथकाची शिस्त उत्तम, असं म्हणाले. पण तुमच्याबद्दल... जाऊ द्या.”

“बोल रे.”

“रुग्णाचं ओरडणं अतिरंजित, असं ‘नाटक बंद’ व्हायच्या आधीच लिहून ठेवलं होतं त्यांनी. खऱ्या दुखण्यात माणूस असा ओरडत नाही.”

मोडलेल्या घोट्यापेक्षा हा घाव खोल गेला. फेरीवर आलेल्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी काकुळतीला येऊन विचारलं, “बाई, तुम्ही तरी सांगा. मी गप्प झालो, त्यावरूनच तुम्हाला खरं कळलं ना?”

“छे हो. तुम्ही गप्प झालात तेव्हा मी निम्म्या वाटेवर होते. तुमच्या मिसेस दोर ओलांडून आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, बाई, ह्यांचे दोन्ही डोळे मिटलेत.”

“म्हणजे?”

बाई हसून पुढच्या खाटेकडे गेल्या. नटवर्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खाटेशेजारी बसून सदऱ्याला बटण लावत होती.

“घरी विव्हळताना एक डोळा उघडा असायचा तुमचा,” दोरा दातांनी तोडत ती म्हणाली. “मी बघतेय का, ते बघायला.”

“तू तर शिवणयंत्रावर असायचीस!”

“बघतच होते की.”

शेवटच्या रांगेसाठी त्यांनी जन्मभर घसा फोडला होता आणि त्यांचा प्रेक्षक आतल्या खोलीत बसून सगळे प्रयोग बघत होता. काहीतरी छान बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण असा संवाद त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. मग त्यांनी उशीवर मान टाकली आणि क्षीण आवाजात विव्हळले, “पाणी... थोडं पाणी...”

बायकोने मान वरसुद्धा केली नाही.

“तांब्या तुमच्या हाताशीच आहे,” ती म्हणाली. “आणि तो डोळा मिटा.”